नोकरी धरून राहावं की कन्सल्टन्सी सुरू करावी? बेळगाव भागातून वारंवार येणारे प्रश्न

खालचे प्रश्न विचारणाऱ्यांत उद्यमबाग, मच्छे आणि होनग्याच्या कारखान्यांतले इंजिनिअर आहेत, पुण्या-बेंगळुरूहून लॅपटॉप घेऊन घरी परतलेली आयटीतली मुलं-मुली आहेत, निपाणी-चिकोडी-खानापूरकडची मंडळी आहेत आणि निवृत्तीनंतरही स्वस्थ न बसणारे काही काका आहेत. एकाच अर्थाचे चार प्रश्न आले तिथे एकच ठेवलाय आणि बाकी ठिकाणी त्याचा क्रमांक दिलाय.

आयकराच्या कलमांबद्दल एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. पण बोलताना सगळे अजून १९४जे, ४४एडीए असंच म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत.

१. नोकरी आणि कन्सल्टन्सी यांत कायद्याने नेमका फरक काय?

नोकरीत मालक तुमचा वेळ घेतो. काय करायचं, कधी करायचं, कसं करायचं हे तो सांगतो. कन्सल्टन्सीत काय हवं ते दोघं मिळून ठरवतात आणि ते कसं करायचं हे तुम्ही बघता. नोकरीबरोबर पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, ईएसआय म्हणजे कामगार विमा (पगार २१ हजारांपर्यंत असेल तर), बाळंतपणाची रजा हे सगळं कायद्याने येतं. कन्सल्टंटला यातलं काहीच मिळत नाही. त्याला दर ठरवायची, चार ठिकाणी काम घ्यायची आणि नको त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची मुभा असते.

कागदावर काय नाव दिलंय यावर कोर्ट थांबत नाही. धरंगध्रा केमिकल वर्क्सचं १९५७ सालचं प्रकरण वकील अजून सांगतात. मिठागरातले अगरिया (मीठ पिकवणारे) स्वतः मदतीला माणसं घ्यायचे, त्यांना ठरलेले तास नव्हते, तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कंपनीचे कामगार मानलं. कारण कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती.

२. माझ्या लेटरवर ‘कन्सल्टंट’ लिहिलंय, पण सकाळी नऊला अंगठा लावायचा, रजेसाठी अर्ज करायचा आणि दुसरीकडे काम घ्यायचं नाही. मग मी कोण?

बहुधा नोकर, पण नोकराचे हक्क नसलेला. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आमच्या मते या भागातला खरा घोटाळा इथेच आहे. कंपनीचा पीएफचा वाटा वाचतो, ग्रॅच्युइटीचा बोजा जातो, काढून टाकणं सोपं होतं. तुमच्या हातात मात्र स्वातंत्र्य काहीच येत नाही. ‘हातात पैसे जास्त पडतात’ असं एचआर सांगतं. तो फरक बहुतेक वेळा मालकाच्या पीएफच्या वाट्याएवढाही नसतो.

स्वतःची परीक्षा घ्यायची तर कारखान्याच्या गेटवर बघा. तुमचं नाव व्हिजिटर रजिस्टरमध्ये आत-बाहेरच्या वेळेसह लिहिलं जातं, की तुम्ही हजेरीच्या मशीनवर बोट ठेवून सरळ आत जाता? लॅपटॉप कोणाचा? तुम्ही आला नाहीत तर तुमच्या जागी दुसरा जाणकार पाठवता येतो का? महिन्याचा आकडा कामावर हलतो, की काही केलं तरी तेवढाच येतो? उत्तरं नोकरीकडे झुकत असतील तर दोनच सरळ मागण्या करा: एकतर पगारपत्रकावर घ्या, नाहीतर अंगठा आणि बंदी दोन्ही काढा. भांडण कोर्टात न्यायचं की नाही हे नंतरचं. पण हजेरीचे उतारे, मेल, रजेचे अर्ज जपून ठेवायला आजच सुरुवात करा.

३. माझा पगार महिना ६५ हजार आहे. कन्सल्टंट म्हणून दिवसाला किती मागू?

पगार भागिले सव्वीस करून २,५०० सांगू नका. मालक खूश होईल आणि तुम्ही सहा महिन्यांत परत नोकरी शोधाल.

वर्षाचा हिशोब असा मांडा. पगाराचे ७ लाख ८० हजार. मालकाचा पीएफचा वाटा १५ हजारांच्या मर्यादेवर बारा टक्के धरला तर वर्षाला २१,६००. मूळ वेतन निम्मं, म्हणजे ३२,५०० असेल, तर वर्षाची ग्रॅच्युइटी पंधरा भागिले सव्वीसच्या हिशोबाने १८,७५०. घरच्यांचा आरोग्य विमा आता स्वतः काढायचा, त्याला ३० हजार धरू. हे झाले साडेआठ लाख. गाडी-पेट्रोल, लॅपटॉप, सॉफ्टवेअरचं लायसन्स, सीएची फी, फोन याला दीड लाख. म्हणजे आज आहात तिथेच राहायला १० लाख लागतात.

आता दिवस मोजा. ३६५ मधून रविवार ५२ गेले, सणवार, आजारपण, लग्नकार्यं मिळून २५ गेले, राहिले २८८. त्यातला निम्मा वेळ काम शोधण्यात, कोटेशन करण्यात आणि पैशांच्या मागे फिरण्यात जातो. बिल लागतं ते १४४ दिवसांचं. १० लाख भागिले १४४ म्हणजे दिवसाला साधारण ७ हजार.

उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्रीच्या मालकाला हा आकडा ऐकवला तर तो आधी चहा मागवेल आणि मग विषय बदलेल. म्हणून दिवसाचा दर न सांगता महिन्याचा रिटेनर बोला: आठवड्याचे दोन ठरलेले दिवस, महिन्याला ४५ हजार. दिवसाला ५,६०० च पडले, पण ते दिवस वर्षभर पक्के झाले, रिकामे दिवस कमी झाले. असे दोन रिटेनर हातात असल्याशिवाय राजीनामा देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

४. बेळगावात एवढी गिऱ्हाइकं मिळतात का? की शेवटी पुण्यालाच जावं लागतं?

क्षेत्रावर आहे. कास्टिंग, मशिनिंग, हायड्रॉलिक्स, क्वालिटी सिस्टीम, टूल डिझाइन यांत असाल तर गाडीने दीड-दोन तासांच्या टप्प्यात पुष्कळ काम आहे: उद्यमबाग, मच्छे, हत्तरगीचं एरोस्पेस क्षेत्र, घाट न उतरता शिनोळी, आणि कोल्हापूरकडे कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली. आयटीत असाल तर गिऱ्हाईक कुठलंही असू शकतं. फक्त एचआर किंवा मार्केटिंगचा सल्ला विकायचा असेल तर जरा जड जातं. इथले मालक मशीनसाठी पैसे काढतात, सल्ल्यासाठी काढताना दहा वेळा विचार करतात.

५. आयकर कोणाला कमी बसतो, नोकराला की कन्सल्टंटला?

पुष्कळदा कन्सल्टंटला, आणि त्याचं कारण ४४एडीए. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, तांत्रिक सल्ला, अकाउंटन्सी, वकिली, वैद्यकीय, इंटिरिअर डेकोरेशन, आयटी अशा ठरावीक व्यवसायांत वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत), तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. खर्चाच्या पावत्यांचं बाड ठेवावं लागत नाही.

उदाहरण घ्या. वर्षात बँकेत १८ लाख फी आली. उत्पन्न धरलं ९ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणजे कापला गेलेला टीडीएस (कंपनीने फी देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) रिटर्न भरून परत मागायचा. तोच १८ लाख पगार असता तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन बाकीच्या रकमेवर टप्प्यांप्रमाणे कर बसला असता.

दोन खाचा आहेत. खरा नफा निम्म्यापेक्षा जास्त असेल तर जास्तीचाच दाखवायचा, निम्मं ही किमान पातळी आहे. आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्स: वर्षाचा कर १० हजारांच्या वर निघत असेल तर ४४एडीएवाल्याने तो सगळा १५ मार्चपर्यंत भरायचा. जॉबवर्क करणारा, कमिशन एजंट, क्लासवाला यांना ४४एडीए लागू नाही. नावात ‘कन्सल्टन्सी’ लिहून ते साधत नाही.

६. कंपनी फीतून कधी दहा टक्के टीडीएस कापते, कधी दोन, कधी एक. बरोबर काय?

व्यावसायिक फी असेल तर १९४जे खाली १० टक्के, निव्वळ तांत्रिक सेवा असेल तर त्याच कलमाखाली २ टक्के, आणि कंत्राटाचं काम असेल तर १९४सी खाली व्यक्तीला १ टक्का. १९४जे ची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५० हजार झाली, त्याखाली कापायचं नाही. पॅन दिला नाहीत तर २० टक्के जातात. कापलेले पैसे तुमचेच असतात, म्हणून दर तिमाहीला २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं पत्रक) उघडून बघा. कापले पण भरलेच नाहीत, असा प्रकार छोट्या कंपन्यांत दिसतो, आणि तो मार्चनंतर कळला की निस्तरायला त्रास होतो.

एक खूण सांगून ठेवतो: पगाराचा कर १९२ खाली कापतात आणि फॉर्म १६ मिळतो, फीचा कापला की १६ए. हातात १६ए येतोय आणि वागणूक नोकरासारखी आहे, तर प्रश्न २ वाचा.

७. जीएसटी नंबर पहिल्या दिवसापासून घ्यावा लागतो का?

नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की घ्यावा लागतो, आणि कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे हीच मर्यादा आहे. उलाढाल पॅनवर मोजतात, म्हणून खडेबाजारातल्या गाळ्याचं भाडं येत असेल तर तेही त्यातच धरा. मोठ्या कंपन्यांचा खरेदी विभाग ‘जीएसटी नसेल तर व्हेंडर कोड देत नाही’ म्हणतो. ती त्यांची सोय आहे, कायद्याची अट नाही. पण काम मोठं असेल तर स्वेच्छेने नंबर घेणं परवडतं. १८ टक्के तुम्ही लावता, ते क्रेडिट घेतात, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून तेवढे वजा करतात, कोणाच्याच खिशातून जात नाही.

८. मी राहतो हिंडलग्यात, गिऱ्हाईक शिनोळीत. बाचीच्या पुढे दोन मिनिटांवर. तरी हा आंतरराज्य व्यवहार धरायचा?

हो. हिंडलगा कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. हा प्रश्न फक्त आपल्याच भागात येतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

जीएसटी नंबर घेतलेला असेल तर उद्यमबागेच्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) नऊ टक्के आणि एसजीएसटी (राज्याचा) नऊ, आणि शिनोळीच्या बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य) अठरा. गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर सेवा कुठे दिली यापेक्षा ते कुठे नोंदलेलं आहे ते महत्त्वाचं. तुम्ही घरी बसून ड्रॉइंग केलं की त्यांच्या शॉपफ्लोअरवर उभं राहून, कर तोच.

अपवाद जागेशी निगडित कामाचा. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल, इंटिरिअरवाले, नीट बघा: गिऱ्हाईक टिळकवाडीचं असलं तरी त्याचं फार्महाऊस चंदगड तालुक्यात बांधायचंय, तर सेवेचं ठिकाण महाराष्ट्र. बिलावर आयजीएसटी.

नंबर नसेल तर? वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवायच्या तर छोट्यालाही सहसा नोंदणी लागते. सेवेला २०१७ पासून सूट आहे. २० लाखांच्या आत असाल तर शिनोळीला बिनानंबराचं बिल देता येतं. कोणी ‘परराज्य म्हणजे नंबर सक्तीचाच’ असं सांगून घाबरवलं तर तो वस्तूंचा नियम सांगतोय.

आणि एक सापळा. सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, बेंगळुरूचे सल्लागार ती आनंदाने सुचवतात. त्या योजनेत परराज्यात सेवा देता येत नाही. वर्षात शिनोळीचं, कागलचं किंवा गोव्यातल्या वेर्ण्याचं एक जरी बिल करणार असाल तर ती तुमच्या कामाची नाही.

नोकरी शिनोळीत आणि घर बेळगावात असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं की व्यवसाय कर कामाच्या ठिकाणच्या राज्याचा कापतात. कुठेही वर्षाला २,५०० च्या वर जात नाही, घटनेनेच तशी मर्यादा घातली आहे.

९. करारात कुठल्या कलमावर सही करण्याआधी थांबावं?

नुकसानभरपाईच्या. बाकीची कलमं वाईट असली तर पैसे बुडतात, हे वाईट असलं तर घर जातं.

फाउंड्रीचं उदाहरण घेऊ. कराराचा मसुदा येतो, त्यात ओळ असते: ‘सल्लागाराच्या सूचनेमुळे झालेल्या सर्व रिजेक्शनची भरपाई सल्लागार करील.’ ऐकायला रास्त वाटतं. आता शॉपफ्लोअरवर या. ब्लो होल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) आला. वाळूत ओल जास्त होती, की कोअर नीट भाजला नव्हता, की मेटल थंड ओतलं, की रात्रपाळीच्या कंत्राटदाराच्या माणसाने घाई केली? तुम्ही सुचवलं होतं गेटिंग (साच्यात धातू नेणारी वाट) बदलायला. महिन्याच्या शेवटी रिजेक्शनच्या तक्त्यात कारणाच्या रकान्यात ‘गेटिंग’ लिहिलं की सगळा लॉट तुमच्या नावावर. तो रकाना भरतो कोण? त्यांचाच सुपरवायझर.

म्हणून तीन गोष्टी लिहून घ्या. जबाबदारीची कमाल मर्यादा, समजा तीन महिन्यांच्या फीएवढी. सूचना लेखी दिली असेल आणि जशी दिली तशी पाळली असेल तरच जबाबदारी. आणि अप्रत्यक्ष नुकसान, म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकाने लावलेला दंड वगैरे, पूर्णपणे बाहेर.

‘बचतीत हिस्सा’ देतो म्हणणारे मालकही भेटतात. रिजेक्शन नऊ टक्क्यांवरून पाचवर आलं तर बचतीचा ठरावीक वाटा तुमचा, असं. वाईट नाही, पण नऊ हा आकडा आधीच्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून दोघांच्या सहीने कागदावर यायला हवा. काम झाल्यावर तो नऊ ‘तसा साडेसहाच होता’ असा होतो. सोबत थोडा तरी ठरलेला रिटेनर ठेवा, निव्वळ हिश्श्यावर जाऊ नका.

बाकी बघायचं ते: करार संपवायची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी, येण्या-जाण्याचा खर्च वेगळा की धरून हे लिहिलेलं हवं, आणि कामाची व्याप्ती हवी. ‘आणि व्यवस्थापन सांगेल ती इतर कामे’ ही ओळ नोकरीच्या पत्रातून उचललेली असते, ती खोडा.

१०. काम झालं, बिल दिलं, चार महिने ‘साहेब गावाला गेलेत’ ऐकतोय. काय करू?

आधी केलेल्या तयारीवर सगळं आहे. काम सुरू करण्याआधीच उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ती फुकट आहे, ऑनलाइन आहे, आणि एकट्या कन्सल्टंटलाही मिळते. नंबर बिलावर छापा. मग एमएसएमई कायदा २००६ तुमच्या बाजूने येतो: करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आयकरात ४३बी(एच) आल्यापासून, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेल्या पैशांचा खर्च मालकाला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या अकाउंटंटला हे आठवण करून देणारा एक नम्र मेल टाका. दहा फोनपेक्षा तो मेल जास्त काम करतो.

तरी नाहीच दिले तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार. इथे सीमाभागातल्यांना एक मोठा फायदा आहे: तक्रार पुरवठादार जिथला, तिथल्या राज्याच्या परिषदेकडे (थकलेल्या पैशांचे असे वाद सोडवणारं सरकारी मंडळ) करता येते. कागलच्या कंपनीने पैसे थकवले तरी बेळगावच्या माणसाला कर्नाटकातल्याच परिषदेत जाता येतं. करारात दुसरं लवाद कलम असलं तरी ते आडवं येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसा निकाल दिला आहे.

हे सगळं लागूच नये म्हणून: नव्या गिऱ्हाइकाकडून तीस टक्के आगाऊ, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके सर, गो अहेड’ वर काम सुरू न करता मेलवर पीओ (कामाची लेखी ऑर्डर). दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, हेही ध्यानात असू द्या.

११. करार मराठीत केला तर चालतो का?

चालतो. कराराच्या कायद्याला भाषेची अट नाही, तोंडी करारसुद्धा करार असतो, फक्त सिद्ध करताना घाम फुटतो. पण वाद कर्नाटकातल्या न्यायालयात गेला तर मराठी कागदाचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर द्यावं लागेल. आमचा सल्ला: करार इंग्रजीत, आणि कामाची व्याप्ती व पैसे देण्याच्या अटी यांचा मराठी गोषवारा मेलवर. गिऱ्हाईक मराठी असलं की खरं बोलणं त्या गोषवाऱ्यावरच होतं.

१२. ‘फक्त पुण्याच्या न्यायालयांनाच अधिकार’ असं कलम आहे. सही करू?

पुण्याशी व्यवहाराचा खरा संबंध असेल, म्हणजे कंपनीचं ऑफिस तिथे असेल, तर हे कलम टिकतं. ५० हजारांच्या बिलासाठी तारखेला पुण्याला जाणं म्हणजे ते बिल सोडून देणं. ‘बेळगाव’ मागा. नाही मिळालं तर निदान कोल्हापूर पदरात पाडा, तिथे ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही बसतं. थकलेल्या पैशांपुरता प्रश्न १० मधला मार्ग तरीही मोकळा राहतो.

१३. नोकरी सोडली तर दोन वर्षं त्याच धंद्यात काम करणार नाही, असं लिहून दिलंय. मालक नोटीस पाठवीन म्हणतो.

भारतीय करार कायदा १८७२, कलम २७: कोणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी चालू असताना घातलेलं बंधन न्यायालयं मानतात. नोकरी संपल्यानंतरचं सहसा मानत नाहीत. त्यामुळे नोटीस आली म्हणून झोप उडवून घेऊ नका, वकिलाकडून उत्तर द्या.

पण गुपितं वेगळी. जुन्या कंपनीची ड्रॉइंग्ज, गिऱ्हाइकांचे दर, प्रोसेस शीट पेन ड्राइव्हवर घेऊन निघालात तर कलम २७ तुम्हाला वाचवणार नाही. डोक्यातलं कसब तुमचं, फाइलमधलं त्यांचं.

बाँडचंही असंच विचारतात. ‘तीन वर्षांआधी सोडलं तर दोन लाख’ या धर्तीचा बाँड विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवला. म्हणून बाँड म्हणजे पोकळ धमकी, हे आता म्हणता येत नाही. रक्कम अवाजवी असेल तर करार कायद्याच्याच कलम ७४ खाली वाजवी तेवढीच भरपाई मिळते. मूळ प्रमाणपत्रं मात्र कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका.

१४. मी केलेलं ड्रॉइंग किंवा सॉफ्टवेअर कोणाच्या मालकीचं?

नोकरीत केलेलं मालकाचं. कन्सल्टंट म्हणून केलेलं तुमचं, जोपर्यंत तुम्ही सही करून लेखी हस्तांतर करत नाही. ‘पैसे दिले म्हणजे आमचं झालं’ हा समज कॉपीराइट कायद्याला धरून नाही. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. बहुतेक गिऱ्हाइकांना सगळे हक्क हवे असतात, द्यायला हरकत नाही, पण ‘पूर्ण फी मिळाल्यावर’ हे तीन शब्द घाला. थकबाकी वसूल करताना त्यांचा फार उपयोग होतो. तुमचे जुने टेम्पलेट, मॅक्रो, लायब्ररी वगळल्याचंही लिहा.

१५. पीएफ, पेन्शन, मेडिक्लेमचं काय होतं?

पीएफ लगेच काढू नका. पाच वर्षांच्या सलग नोकरीआधी काढला तर करपात्र होतो, आणि नोकरी सुटली म्हणून व्याज लगेच थांबत नाही. पेन्शन योजनेत दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर ५८ व्या वर्षी पेन्शन ठरलेली. झाली नसतील तर स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा, पुढे पुन्हा नोकरी धरलीत तर जुनी वर्षं जोडता येतात. दहाव्या किंवा, ग्रॅच्युइटीसाठी, पाचव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असाल तर राजीनामा थोडा पुढे ढकला. घाईचा तोटा इथे रुपयांत मोजता येतो.

मेडिक्लेम राजीनाम्याआधी बघा. कंपनीचा ग्रुप विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, अर्ज वेळेत करा. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा, तो मधुमेह-बीपीवाल्यांना झोंबतो. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा दिलासा.

शॉपफ्लोअरवर उभं राहणाऱ्यांनी अपघात विमा काढाच. लॅडलमधून (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यातून) मेटल उडालं तर कामगाराला ईएसआय किंवा भरपाईचा कायदा आहे. तुम्ही तिथे व्हिजिटर असता.

१६. मूल होणार आहे. कन्सल्टंट व्हावं की नोकरीतच राहावं?

आत्ता नोकरीत राहा. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हक्काची आहे. कन्सल्टंटला एक दिवसाचीही नाही. घरून, हवे तेवढेच तास, हे कन्सल्टन्सीचं आकर्षण रजेनंतर खरं ठरतं, रजेआधी नाही.

१७. घरकर्ज मिळेल का? आणि (हसू नका) मुलासाठी स्थळं येतील का?

कर्जाचं आधी. पगारदाराला सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ वर होतं. स्वतंत्र माणसाकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. शिवाय ४४एडीएची दुसरी बाजू इथे दिसते: १८ लाख जमा असली तरी रिटर्नमध्ये ९ दाखवलेत, तर बँक ९ वरच हिशोब करते. कर्ज घ्यायचंच असेल तर नोकरीत असताना मंजूर करून घ्या, पण हप्ता रिटेनरमधून निघेल एवढाच ठेवा.

स्थळांचं म्हणाल तर ‘कन्सल्टंट’ ऐकलं की मुलीकडचे ‘म्हणजे सध्या काही करत नाही का?’ असं विचारतात, ही तक्रार अनेक आयांनी कळवली आहे. यावर कायदेशीर उपाय नाही. दोन वर्षांची रिटर्न दाखवा, कांदेपोहे गार होण्याआधी विषय मिटतो, असा काहींचा अनुभव आहे.

१८. नोकरीत राहून शनिवार-रविवारी कन्सल्टन्सी केली तर?

तुमच्या नेमणूक पत्रात काय आहे त्यावर. ‘लेखी परवानगीशिवाय अन्य काम नाही’ हे कलम बहुतेक पत्रांत असतं आणि नोकरी चालू असताना ते लागू पडतं (प्रश्न १३). मालक ओळखीचा असला की ‘कर की, मला काय’ म्हणतो. ते वाक्य त्याच संध्याकाळी मेल करून पक्कं करा. स्पर्धकाकडे काम नको, कंपनीचा लॅपटॉप नको. त्या फीचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं.

१९. कंपनी ‘एक वर्षाचा कॉन्ट्रॅक्ट’ देतेय. ही कन्सल्टन्सीच ना?

नाही, आणि हा गोंधळ महागात पडतो. ठरावीक मुदतीची नोकरी ही नोकरीच. पीएफ, रजा, सगळं कायम कर्मचाऱ्यासारखं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार तर अशा कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. सोडताना पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत करायचा, असंही त्यात आहे. पत्रात ‘मानधन’ आहे की ‘वेतन’, टीडीएस कुठल्या कलमाखाली (प्रश्न ६), एवढं विचारलं की कुठला कागद हातात आहे ते कळतं.

२०. मी ५८ ला निवृत्त झालो. त्याच कंपनीने कन्सल्टंट म्हणून बोलावलंय. पेन्शन बंद होईल का?

ईपीएसची (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) पेन्शन चालू राहते. आधी ग्रॅच्युइटी आणि पीएफचा हिशोब पूर्ण करून घ्या आणि मगच नव्या कागदावर सही करा. जुनं येणं आणि नवी फी एकाच चेकमध्ये येऊ देऊ नका. काका, तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच असते. त्याच टेबलावर, त्याच पोरांच्या मध्ये बसवतात आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही पुन्हा नऊ ते सहा करू लागता. करारात आठवड्याचे दिवस लिहा, आणि त्यापलीकडे बोलावलं तर दिवसाचा वेगळा दर. तो दर पगाराला भागून काढू नका, प्रश्न ३ मधल्या पद्धतीने काढा. गेटवर मात्र व्हिजिटर रजिस्टरमध्येच नाव लिहा, वॉचमन कितीही ओळखीचा असला तरी.